आत्याची जागा

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल जन्माला येते तेव्हा पहिली अडचण माणसांची असते. महाराष्ट्रात बाळंतपणाची सगळी कामे नात्यांत वाटलेली आहेत. पहिले बाळंतपण माहेरी होते, पथ्यपाणी आई पाहते, बाळाला न्हाऊ घालायला ठरलेली बाई येते, कुंची-झबली आजी नाहीतर मावशी शिवते आणि नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला भाड्याच्या घरात यांतले कोणीच हाताशी नसते. असतात ते मित्र: ऑफिसातले, त्याच इमारतीतले, कॉलेजच्या दिवसांपासूनचे, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारी उभे राहून ओळख झालेले. तिथल्या डोहाळजेवणा-बारशांतले साहित्य बदलले आणि दिवसही पुढे सरकले, पण कोणी काय करायचे ही वाटणी बरीचशी तशीच राहिली. नात्यातले माणूस समुद्रापार असले की त्याचे काम मित्राकडे येते, आणि कामामागोमाग नातेही येते.

याला साठ वर्षांचा इतिहास आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि भारतातल्या डॉक्टर, इंजिनिअर, विद्यार्थ्यांना वाट मोकळी झाली. त्या पिढीची बाळंतपणे आजच्यापेक्षा एकाकी होती. आईवडिलांना बोलावून घेण्याइतके तिकीट स्वस्त नव्हते, भारतात फोन लावायचा तर कॉल बुक करून ताटकळावे लागे, आणि मुलगा की मुलगी एवढे तारेने कळवून बाकीचा तपशील पत्राने जाई. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे. त्याच शहरातल्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान १९७४ मध्ये उघडले. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये निघाले. त्याआधी ज्या बायका बाळंत झाल्या त्यांना डिंक आणि हळीव मिळवण्यापेक्षा ते कुठे मिळतील हे सांगणारे माणूस मिळवणे अवघड होते.

१९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला आणि त्या दशकाच्या अखेरीस संगणक क्षेत्रातल्या तरुणांची मोठी लाट अमेरिकेत पोचली. त्यांच्या जोडीदारांच्या एच-४ व्हिसावर २०१५ पर्यंत नोकरी करता येत नव्हती, आणि त्यानंतरही ती परवानगी ठरावीक गटालाच मिळाली. इंजिनिअर, सी.ए., डॉक्टर झालेल्या कितीतरी बायका त्यामुळे दिवसभर घरी होत्या. या सक्तीच्या रिकामपणाविषयी कडवटपणे लिहिता येईल, आणि ते खरेच असेल. पण शेजारच्या बाळंतिणीला दुपारी दोन तास झोप मिळावी म्हणून बाळ मांडीवर घेऊन बसणाऱ्या, पहिल्या तपासणीला गाडी काढणाऱ्या, रात्री बाराला फोन उचलून ‘ताप किती आहे’ विचारणाऱ्या त्याच होत्या. ज्या सरकारने त्यांना ऑफिसात जाऊ दिले नाही, त्याने नकळत एका परक्या गावात माहेराची थोडी सोय लावून दिली.

मित्रांचा पहिला मेळावा भरतो तो डोहाळजेवणाला. सातवा महिना, हिरवी साडी, फुलांचे दागिने एवढे ठरलेले. दागिने मात्र मोगऱ्याचे नसतात. किराणा दुकानाच्या फुलांच्या कोपऱ्यातून आणलेल्या पांढऱ्या कार्नेशनचे किंवा कागदाचे असतात. झोपाळ्यातले डोहाळजेवण करायची हौस असेल तर परसदारी झोपाळा असलेले मित्राचे घर शोधायचे, नाहीतर सरळ बागेत जायचे. ओटी भरायला कोण आधी, यावर भारतात जेवढा खल होतो तेवढा इथे होत नाही, कारण सगळ्याच बायका जवळपास एका वयाच्या असतात. वडीलधारी म्हणून मंडळातल्या एखाद्या काकूंना मुद्दाम बोलावले जाते. त्या १९७० च्या दशकात आलेल्या असल्या तर ओटीबरोबर उपदेशही भरतात.

याच दिवशी पेढा-बर्फीचा खेळ होतो. झाकलेल्या दोन वाट्यांतून गर्भारशीने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. भारतात हा खेळ खराखुरा आहे, कारण गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे आणि उत्तर कोणालाच ठाऊक नसते. अमेरिकेत विसाव्या आठवड्याच्या आसपासच्या सोनोग्राफीत डॉक्टर आईबापांना विचारतात, सांगू का? बहुतेक जण हो म्हणतात. त्यामुळे वाटी उचलणारीला उत्तर माहीत असते, निम्म्या मैत्रिणींनाही माहीत असते, आणि तरी बर्फी निघाली की टाळ्या पडतात. चुकीची वाटी उचलली गेली तर हशा जास्त होतो.

डोहाळजेवण आणि बेबी शॉवर हल्ली एकाच दुपारी उरकतात, आणि तिथे दोन रीतींची टक्कर होते. बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही विकत आणू नये, आणि अंगावरचे पहिले कपडे दुसऱ्या धडधाकट मुलाचे, वापरून मऊ झालेले असावेत, असा अनेक मराठी घरांतला संकेत. अमेरिकी रीतीत पाहुण्यांनी काय द्यायचे त्याची यादी आईबापच दुकानात नोंदवून ठेवतात. शिवाय काही गोष्टी आधी घ्याव्याच लागतात, कारण कार सीट गाडीत बसवलेली नसेल तर बाळाला घरी न्यायची पंचाईत होते. तडजोड मित्रांच्या गॅरेजमध्ये सापडते. तिथे खोक्यांत घड्या घालून ठेवलेली झबली, दुपटी, बाथटब, खेळण्यांचा गालिचा असे सगळे असते, आणि ते एका घरातून दुसऱ्या घरात जात राहते. जुने कपडे घालण्याचा संकेतही पाळला जातो आणि पैसेही वाचतात. कार सीट मात्र या फेऱ्यात सहसा घालत नाहीत, कारण तिच्यावर वापराची अखेरची तारीख असते आणि अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरायची नसते.

दवाखान्यातला मुक्काम थोडा असतो. १९९६ च्या एका संघीय कायद्याने विमा कंपन्यांवर नैसर्गिक बाळंतपणाला निदान ४८ तास आणि सिझेरियनला ९६ तास खर्च उचलण्याचे बंधन घातले, आणि व्यवहारात मुक्काम साधारण तेवढाच होतो. त्या दोन दिवसांत एक परिचारिका किंवा लिपिक जन्मदाखल्याचा अर्ज घेऊन खोलीत येते. बारशाची निम्मी उत्सुकता तिथेच संपते, कारण अर्जात नाव लिहायचे असते आणि त्याच कागदपत्रांतून सोशल सिक्युरिटी क्रमांकाची मागणीही जाते. बाळ दोन दिवसांचे असताना सरकारला त्याचे नाव कळते. आत्याला ते अजून कळलेले नसते. मधल्या रकान्यात बापाचे नाव घालायचे की नाही, राशीचे आद्याक्षर पाळायचे की नाही, अमेरिकी शिक्षिकेच्या जिभेला ‘ळ’ जमेल का, हे सगळे प्रश्न त्या रकान्यापाशी एकदम उभे राहतात. पत्रिकेचा घोळ वेगळाच. सॅन होजेला मंगळवारी रात्री जन्मलेले बाळ पुण्यातल्या आजोबांच्या घड्याळात बुधवारी जन्मलेले असते, आणि पेढे कोणत्या वारी वाटायचे यावर फोनवर वाद होतो.

बाळाच्या नागरिकत्वाचा प्रश्न १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने सोडवलेला आहे, असे सगळे मानत आले. जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना ते नाकारणारा अध्यक्षीय आदेश निघाला आणि लगेच न्यायालयात गेला. त्या महिन्यांत दिवस राहिलेल्या बायकांच्या डोहाळजेवणात जेवणाइतकीच वकिलांचीही चर्चा झाली असली तर नवल नाही.

आजी येते ती पर्यटक व्हिसावर, आणि विमानतळावर तिला बहुधा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. पहिले सहा महिने आईची आई आणि पुढचे सहा महिने बापाची आई, अशी पाळी लावणारी घरे पुष्कळ आहेत. माहेरी जाण्याची रीत इथे उलटी झाली आहे. माहेरच दोन बॅगा घेऊन विमानाने येते. बॅगांत खारीक पूड, डिंक, हळीव, बाळंतशोपा, वेखंड, बाळगुटीची पुडी आणि ती उगाळायला सहाण असते. व्हिसा अडला, तारीख चुकली किंवा बाळ आधीच आले, तर मधले आठवडे मित्रांचे. दुसऱ्या बाळंतपणात तर मित्राच्या घराची किल्ली आधीच घेऊन ठेवतात, म्हणजे मध्यरात्री थोरल्याला तिथे झोपवून दवाखाना गाठता येतो.

पाचवी-सटवीला पाहुणे लागत नाहीत. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, एवढे आजी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात करून टाकते. लेखणी पुष्कळदा दवाखान्याचे नाव छापलेले बॉलपेन असते.

खरा कस लागतो तो सव्वा महिन्यात. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे. अमेरिकेत १९९३ च्या संघीय कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाकडे वर्षभर काम केलेले असेल तर. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा काही राज्यांनी स्वतःची भरपाईची योजना केली आहे. बाळंतिणीने खोलीबाहेर पडू नये, डोक्याला बांधून बसावे, शेक घ्यावा, हे सगळे या हिशेबात कोंबावे लागते. शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी धरली की छतावरचा धूरसूचक भोंगा बोंबलायला लागतो, आणि मोठ्या इमारतीत प्रकरण अग्निशामक दलापर्यंत जाऊ शकते. म्हणून धुरी गेली आणि गरम पाण्याची पिशवी आली. बाळाला मध चाटवण्यावरही बालरोगतज्ज्ञाची बंदी असते. एक वर्षाखालच्या मुलांना मधातून बोट्युलिझमचा धोका संभवतो, हे कारण पक्के आहे. आजीला ते डॉक्टरपेक्षा लेकीच्या मैत्रिणीने सांगितलेले पटते, विशेषतः ती मैत्रीण दोन मुलांची आई असेल तर.

गंमत अशी की सव्वा महिन्याची समजूत अमेरिकी शेजाऱ्याला सांगावी लागते, पण चिनी सहकाऱ्याला सांगावी लागत नाही. चिनी घरांत बाळंतीण महिनाभर बसते, थंड पाणी आणि वारा टाळते, आणि महिना भरला की लाल रंगवलेली अंडी वाटतात. मेक्सिकन घरांत चाळीस दिवसांना ‘क्वारेंतेना’ म्हणतात. फ्रीमाँटसारख्या गावात त्यामुळे एकाच आठवड्यात बाळंतिणीकडे गुजराती शेजारणीचे काटलू, पंजाबी मैत्रिणीची पंजिरी आणि चिनी मैत्रिणीची लाल अंडी येऊ शकतात. डिंकाच्या लाडवाला इतके सख्खे भाऊ असतील, हे पुण्यात बसून कळले नसते.

रोजचा डबा ही मित्रमंडळाची सर्वांत मोठी कामगिरी. कोणीतरी एक जण तक्ता तयार करते, व्हॉट्सॲपवर टाकते, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या संध्याकाळी तासाभरात वाटल्या जातात. खालच्या ओळीत पथ्य लिहिलेले असते: तिखट कमी, फ्लॉवर-कोबी नको, वाल-वाटाणा नको, लसूण चालेल. डब्यांवरून घर ओळखू येते. कोल्हापूरकडची मैत्रीण तिखट कमी म्हणजे तिच्या मते कमी घालते. कोकणातलीच्या डब्यात मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. नागपूरकडची भाकरीबरोबर बापासाठी वेगळा, झणझणीत डबा आठवणीने देते, कारण तक्त्यात बापाचा कोणी विचार केलेला नसतो. अमेरिकी शेजारीण लझान्या आणून दारात ठेवते. चीज बाळंतिणीला चालते का यावर आजी विचारात पडते, आणि तोवर आजोबांनी ते संपवलेले असते. रिकामा डबा परत करताना त्यात काहीतरी घालून द्यायची रीत आहे. या दिवसांत ती माफ असते, आणि तरी काही घरे साखरेचे चार दाणे घातल्याशिवाय डबा परत करत नाहीत.

आता बारसे. शास्त्राने बारावा दिवस. काही घरांत मुलीचे बाराव्या आणि मुलाचे तेराव्या दिवशी. अमेरिकेत तो दिवस मंगळवारी आला तर कोणी येणार नाही, आणि दोन महिन्यांच्या लसी होईपर्यंत गर्दी टाळा असे डॉक्टर सांगतात. म्हणून बारसे जाते आठव्या-दहाव्या आठवड्यातल्या शनिवारी, इमारतीच्या क्लबहाऊसमध्ये. वेळ भारताच्या घड्याळावर बेततात. उन्हाळ्यात न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असते, म्हणून सकाळी साडेदहाचा मुहूर्त धरला की पुण्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि मंडळी जेवणाआधी पडद्यासमोर बसतात. कॅलिफोर्नियाचे अंतर साडेबारा तासांचे. तिथे संध्याकाळी सातचा मुहूर्त सोयीचा, म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि हातात चहा.

पाळणा बहुधा एकच असतो आणि साऱ्या मित्रमंडळात फिरतो. कोणीतरी भारतातून सुटा करून आणलेला, पुन्हा जोडलेला, दर बारशाला नव्या फुलांनी सजवलेला. बाळ त्यात रोज झोपत नाही. झोपवायचे ते उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर, जवळ उशी-पांघरूण काही न ठेवता, हा १९९४ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेने रुजवलेला नियम. २०२२ च्या कायद्याने तर बाळाला उतारावर झोपवणारी साधने आणि कडेचे मऊ कठडे विकण्यावरच बंदी घातली. पाळणा त्यामुळे समारंभापुरता उरला, पण समारंभात त्याच्याशिवाय चालत नाही. आधी वरवंट्याला कुंची घालून गोप्या करायचा. वरवंटा असलेले घर कोणते हे सगळ्यांना माहीत असते, कारण मिक्सरच्या देशात तो एखाद्याच घरी असतो. मग बाळाला पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात द्यायचे. दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघींपैकी एक सोलापूरची आणि दुसरी हैदराबादची तेलुगू असली तरी कृती बरोबर होते, कारण पुढे काय करायचे ते पडद्यावरून पाच जणी एकाच वेळी ओरडून सांगत असतात.

नाव कानात सांगायची वेळ आली की आत्याचा प्रश्न येतो. परदेशातल्या मुलांना मावश्यांचा तोटा नसतो. घराची मैत्री मुख्यतः आई जमवते आणि तिच्या मैत्रिणी मुलाच्या मावश्या होतात. त्यांचे नवरे आपोआप काका. बापाच्या बाजूने बहीण कुठून आणायची? ऑफिसातली किंवा कॉलेजची एखादी मैत्रीण त्याला दरवर्षी राखी बांधत असेल तर निवड सोपी. नसेल तर कोणाला तरी नेमावे लागते, आणि ही नेमणूक गंभीरपणे होते. सख्खी आत्या नाशिकहून फोनवर असते. फोन बाळाच्या कानाशी धरायचा, तिने ‘कुर्रर्र’ म्हणायचे, मग नाव. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात इथली आत्या दुसऱ्या कानात नाव सांगून मोकळी झालेली असते. नाव सांगताच आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे असतात. ते फोनवरून पाठवता येत नाहीत, म्हणून नेमलेल्या आत्याला दोघींच्या वाट्याचे खावे लागतात. ताम्हनातल्या तांदळांत अंगठीने नाव लिहिले जाते, पाळणे म्हटले जातात, शब्द न येणाऱ्या मैत्रिणी फोनमध्ये पाहून सूर लावतात. शेवटी घुगऱ्या आणि सुंठवडा, आणि मागोमाग सामोशांचे ट्रे.

पहिल्या संक्रांतीचे बोरन्हाण याहून सुटसुटीत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते, म्हणून शनिवार-रविवार सापडतोच. काळे झबले आणि हलव्याचे दागिने कुरियरने येतात. जानेवारीत ताजी बोरे मिळणे कठीण, तेव्हा ब्लूबेरी, मार्शमॅलो, चुरमुरे आणि गोळ्या डोक्यावरून ओततात. लुटायला जमलेल्या मोठ्या मुलांना हा बदल मनापासून मान्य असतो. उसाचे करवे आणि हरभरे टाळतात, ते मात्र घशात अडकण्याच्या भीतीने. वाढदिवसाबद्दल वेगळे सांगण्यासारखे थोडे. केक जगभर सारखाच कापतात, त्याआधी औक्षण झाले की पुरे.

वर्षाच्या आत-बाहेर भारताची पहिली फेरी होते, आणि तिच्यासाठी पुन्हा कागद. आईबापांपैकी कोणी भारतीय नागरिक असेल तर वर्षभरात वकिलातीत नोंद करून बाळाला भारतीय नागरिकत्व घेता येते, पण मग त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असून चालत नाही. बहुतेक जण अमेरिकी पासपोर्ट निवडतात. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अर्जाला दोन्ही पालकांची संमती लागते आणि तो पाच वर्षेच चालतो. त्यानंतर भारतात येण्याजाण्यासाठी ओसीआय कार्ड. मुंबईच्या विमानतळावर आईबाप भारतीयांच्या रांगेत आणि बाळ कागदोपत्री परदेशी, अशी ही वरात उतरते.

गावी जावळ निघते, कुलदैवताला नेणे होते, आणि पुष्कळ घरांत बारसे पुन्हा एकदा होते, कारण पडद्यावर पाहिलेले आजीच्या हिशेबात धरत नाहीत. या वेळी सख्खी आत्या समोर असते आणि तिची साडी ठरलेली असते. तिची एक साडी घेऊन दुकानातून बाहेर पडता येत नाही. बाळाची आई परतीच्या बॅगेसाठी दुसरी निवडते, आणि दोन्ही एकाच किमतीच्या आहेत ना हे आजी लेबल उलटून पाहते.